बारावी काहील

सात महिन्यांनी उत्तर आलं, मार्च संपता संपता.
संपादकाच्या दोन ओळी,
खाली दोन समीक्षक, बिननावाचे.
पहिल्याला सगळंच आवडलं होतं,
त्यानं एक स्वल्पविराम सुचवला होता.
दुसऱ्यानं विचारलं होतं :
'पद्धतीत बारा काहिली म्हणता. तक्त्यात अकराच का?'

विद्यापीठाच्या पायऱ्यांवर मी फोन पालथा ठेवला.
कोण हा? पाडेगावचा? कोइमतूरची ती?
ज्यानं ना आमचं चुलवाण पाहिलं, ना मळी,
तो माझे रकाने बोट ठेवून मोजत बसला होता
आणि त्याचे त्याला पैसेही मिळणार नव्हते.

बारावी काहील होती.
भेंडीच्या चिकानं मळी वर आलीच नाही त्या दिवशी,
गूळ काळा उतरला, बोटांना चिकटणारा.
वहीत मी पेन्सिलीनं लिहिलं, 'आच जास्त?'
आणि अकराची रेघ इतकी सरळ आली
की तिच्याकडं बघत चहा प्यायले.

रविवारी वडणग्याला गेले. हंगाम सरत आलेला.
हिंदुराव गुळव्यानं रसाचा थेंब गार पाण्यात सोडला,
चिमटीत वळला, काहिलीच्या काठावर मारला.
टण्ण.
मग माझ्याकडं वळून :
'ती व्हय? आच बराबर हुती, मॅडम.
जळव्याला उगं बोल लावू नका.
भेंडीच शिळी हुती तुमची, आदल्या दिसाची.'
तेव्हाच का नाही सांगितलंत?
'इचारलं कुणी?'

बारावी आत घेतली.
रेघ मधेच वाकली, आकडे जरा पसरले,
आणि शिळ्या भेंडीवर एक परिच्छेद वाढला,
जो आता लोक वाचतात.
आभारात हिंदुरावांचं पूर्ण नाव, गावासकट.
दुसऱ्याचं काय लिहिणार?
'अनामिक समीक्षकाचे', एवढंच.
पाडेगाव की कोइमतूर, अजून माहीत नाही.

जूनमध्ये माझ्याकडं एक निबंध आला,
हळदीवरचा, नावं झाकलेली. मुदत तीन आठवडे.
पोरं झोपल्यावर, भांडी पालथी घालून,
मी तक्त्यावर बोट ठेवलं.
चोवीस वाफे. बावीस, तेवीस, चोवीस.
बरोबर आहेत.
पुन्हा एकदा मोजले.
मग रिकाम्या चौकटीत लिहिलं :
'वाफ्यांना पाणी कुणी पाजलं?
त्यांना काही विचारलंत का?'