उठणं

अकरा दिवस झाले,
बाहुली खुर्चीतून उठत नाहीये.
म्हणजे हलते. गुडघा, कंबर, मान,
सेकंदाला बारा फोटो, सगळं रीतसर.
उठत मात्र नाही.

जानेवारीत तार्तूला चारच्या आत दिवे लागतात.
खालच्या मजल्यावर उर्मास थडग्यांचे दगड कोरतो.
त्याच्याकडे दूध मागायला गेले. खरंच, दूधच.

तो कुणाच्या तरी आडनावातल्या
शेवटच्या अक्षराशी अडला होता,
त्यानंच केलेल्या तिपाईवर,
जिचा एक पाय मुद्दाम आखूड:
‘डुलकी लागली तर पडतो मी.’

छिन्नी ठेवली. लगेच नाही उठला.
तळवे मांड्यांवर टेकले,
जमिनीकडे पाहिलं,
जणू तिला विचारून घ्यावं.
मग अंगावरची धूळ उठली
आणि तिच्यामागून तो.

भिंतीवर त्याच्या आईचा फोटो.
ऐन वेळी हलली, चेहरा नुसता ओघळ.
‘हा कशाला लावलास?’
‘बाकीच्यांत ती बसलेली आहे.’

दूध तिथेच राहिलं.
वर येऊन मी नऊ फोटो काढले
ज्यांत बाहुली काहीच करत नाही,
फक्त खाली बघते.

दहाव्यासाठी हात लावला,
तर जड लागली.