तरीवरची साद

क्रायसोपाच्या अळीचा मेंदू
खसखशीच्या दाण्याहून लहान.
तो चिमट्यात धरताना मी श्वास घेत नाही.
पंखा बंद. खिडकीही बंद.
वेंगुर्ल्याचा खारा वारा बाहेर, माडांत.

आणि माड काळे पडलेत.
झावळ्यांच्या पाठीला चक्री पांढरी माशी,
तिचा चिकटा खाली गळतो, त्यावर काजळी धरते,
दोरीवर वाळत घातलेली चादरही हाताला चिकटते.
पास्कू पाडेली माडावरून उतरला की
कोयत्याच्या पात्यावर एक अळी आणून दाखवतो:
"बाय, ह्यां किडूक बघ.
मारल्यांची सालां पाठीर घेवन फिरता."

खरंच. खाल्लेल्यांची टरफलं, मेणाचे धागे,
सगळा ढीग पाठीवर.
ढिगाखाली विळ्यासारखे दोन जबडे
आणि भूक.

भूक म्हणजे मोजक्या मण्यांची एक साखळी.
एका पेशीतून सुटते, ओल्या अंधारातून जाते,
पलीकडे ओळखणारं कुणी असेल
तरच तिला अर्थ.
कोरजाईच्या धक्क्यावरून आम्ही
देवबागच्या होडीला साद घालायचो, तशी.
अर्धी साद भरतीतच बुडायची.
बगळे, कावळे, नांगरलेले ट्रॉलर,
कुणाला त्याचं काही नाही.
जाळं विणत बसलेला धाकू तेवढा
मान वर करायचा.

पेशीच्या अंगावर असा एक धाकू असतो,
सात वेळा आत-बाहेर विणलेला.

माझं काम एवढंच:
माशीची साद शिकायची आणि खोटी घालायची.
पुरे, पोट भरलं, सोंड काढ.
तिने ऐकावं. अळीने ऐकू नये.
दोघींच्या सादेत फरक शेवटच्या मण्यापुरता,
'कळ' आणि 'काळ' यांच्यात असतो तेवढा.

गेल्या मंगळवारी, सहाव्या नमुन्याला,
अळीनेही ऐकलं.
डबीत माशीची वीस पिल्लं, जबड्यापासून बोटभर.
ती बसून राहिली,
पंगत उठल्यावर ओटीवर टेकतात तशी,
न जेवताच.
मी वहीत लिहिलं: प्रतिसाद आहे.
मग त्या शब्दाकडे बराच वेळ बघत बसले.

"हिका काय झाला?" पास्कूने काचेवर नाक टेकवून विचारलं.
म्हटलं, दुसऱ्या कुणाला मारलेली हाक हिने ओ देऊन घेतली.
"हाक कोणी मारल्यान?"
मी.
"मगे बाय, तू जरा गप रव,"
म्हणाला, आणि कमरेला कोयता अडकवून
पुढच्या माडाकडे गेला.

सातव्या नमुन्यात शेवटचा मणी बदललाय.
आज सकाळी अळीने तीन पिल्लं खाल्ली.
चौथं न खाताच
तसंच जिवंत पाठीवर घेतलं
आणि चालू लागली.

याला वहीत रकाना नाही.