पाठकोरं

सकाळी सात चाळीसचा तास.
गंगापूर रोडवर धुकं अजून उठलेलं नसतं
आणि मी दारातच चिठ्ठ्या वाटते :
जुन्या हॉलतिकिटांचे पाठकोरे कागद,
पट्टी लावून चार तुकडे केलेले.

पाच प्रश्न. सहा मिनिटं. वही बंद.

पहिल्याच दिवशी लोकेश बच्छावने विचारलं,
"मार्क आहेत का मॅडम?"
नाहीत म्हटल्यावर त्याने पेनाला टोपण लावलं.
विभागप्रमुख म्हणाले, शिकवायच्या आधीच परीक्षा?
म्हणजे पेरणीआधी मळणी.
मी हसले. उत्तर मला तरी कुठे येत होतं.

एवढंच ठाऊक होतं, की अकरा वर्षं
फळ्याकडे तोंड करून मी "समजलं ना?" विचारत आले
आणि फळा दर वेळी हो म्हणाला.

चिठ्ठी तसं म्हणत नाही.
कुणी रात्री धडा उघडला होता,
कुणी आत्ता जिन्यात शेजारणीकडून ऐकला,
कुणी सातपूरची रात्रपाळी करून थेट आला
आणि 'परासरण' लिहिता लिहिता पेंगला,
शाईची रेघ कागदाच्या कडेपर्यंत गेली आहे.

मंगळवारी पाचवा प्रश्न होता :
अर्धपार्य पटल म्हणजे काय?
यमुना गावितची पहिली चार उत्तरं कोरी.
पाचव्यापुढे, बारीक अक्षरात :

व्याख्या येत नाही.
पिंपळगावला पॅकहाऊसमध्ये दोन हंगाम होते.
अवकाळी पडला की द्राक्षाचे मणी तडकून यायचे,
आम्ही ते कात्रीने काढायचो.
पाणी आत जातं कुठून?
सालीला भोक तर नसतं.

माझ्याकडे एकतीस स्लाइड होत्या.
प्रोजेक्टर लावलाच नाही.
"सालीला भोक नसतं", एवढंच फळ्यावर लिहिलं
आणि वळून उभी राहिले.

देठातून जात असेल, कुणीतरी म्हणालं.
भोक असेल, पण दिसत नसेल : लोकेश.
यमुना बराच वेळ नखाने बाक खरवडत होती.
मग बाकालाच सांगितल्यासारखं,
"आतली साखर ओढत असेल."

घंटा झाली तेव्हा व्याख्या व्हायचीच होती.

गुरुवारच्या तासाला मीही धडा वाचून गेले,
कितीतरी वर्षांनी.
लोकेशच्या चिठ्ठीत तीन बरोबर, एक चूक,
पाचवं उत्तर अर्ध्यावर तुटलेलं,
आणि त्याखाली, घाईत :
मॅडम, सहा मिनिटं पुरत नाहीत.