सहा मिनिटांचा ठिपका

दारावरची घंटा वाजली आणि
बुटांचा बर्फ पायपुसण्यावर दोनदा झटकून
वर्लिन ॲस्क्यू आत आला.
लेम्हाय खोऱ्यातला जानेवारी, चारलाच दिवे लावलेले.
जेवणाच्या पत्र्याच्या डब्यातून त्यानं पिस्तूल काढलं,
स्लाइड ओढून, रिकामं असल्याचं दाखवून
फेल्टवर ठेवलं. जुन्या माणसांची रीत.

"माशी दिसेनाशी झालीय," म्हणाला,
"माशी बघावी तर अस्वल धूसर,
अस्वल बघावं तर माशी उडालेली.
पोळ्यांच्या पेट्या आहेत माझ्या, नदीकाठी.
शरदात दोन फोडल्यान् त्यानं."

मी काचपेटी उघडली.
हे उघड्या तोंडाचं, स्वस्तातलं;
पण दिव्यावर बर्फाचा एक कण बसला की ठिपका गेला.
हे बंद डबीतलं. जड आहे,
वर्लिन, महागही आहे, पण आत कोरडं राहतं.
ह्याची बॅटरी बाजूनं निघते.
त्याची काढायची तर अख्खं यंत्र उतरवा,
मग नेम पुन्हा पहिल्यापासून.

"आणि ठिपका केवढा देऊ? तीन मिनिटांचा की सहा?"

तेव्हा तो पहिल्यांदा हसला.
"पोरी, चाळीस वर्षं जमिनी मोजल्या मी.
मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग,
शंभर यार्डांवर इंचभर.
तेवढ्या इंचापायी सख्खे भाऊ
कोर्टाच्या पायऱ्या चढताना पाहिलेत."

मागच्या दगडी भिंतीवर कॅलेंडर आहे.
त्यानं एकोणीस तारखेवर नेम धरला.
"हा कसला ठिपका? हा तर स्वल्पविराम."
मी काचेमागे फोन धरून फोटो काढला.
फोटोत ठिपका गोल, गुंजेसारखा.
"काच सरळ आहे," मी म्हटलं. "डोळा वाकडा."
"असू दे. डोळ्यानं खूप केलं."
उजेड कमी केला, आणखी कमी,
तेव्हा शेपूट आत घेऊन स्वल्पविराम
एकदाचा गोल झाला.

मग तो बराच वेळ बोलला नाही.

"हलतोय."
"सगळ्यांचाच हलतो. लोखंडी माशी झाकून घेते,
ठिपका चुगली करतो, इतकंच.
त्याच्याकडे बघू नका. दोन्ही डोळे उघडे ठेवा
आणि एकोणीस तारीख बघा."
हे मी सगळ्यांनाच सांगते.
सगळ्यांचा हलतो तो आळसावून,
पेंगुळलेल्या गोमाशीसारखा.
ह्याचा एका जागी टकटकत होता,
अठरा ते वीस, वीस ते अठरा,
जणू आतून कुणी दार वाजवतंय.

"लेव्हलमधला बुडबुडा थांबल्याशिवाय
आकडा लिहायचा नाही," तो स्वतःशीच म्हणाला.
"नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवायचो."
पिस्तूल खाली ठेवलं. उजवा हात डाव्यात घेतला.
"थांबत नाहीये गं बुडबुडा."

बाहेर बर्फ काढणारी गाडी गेली,
तिचा पिवळा दिवा छतावरून फिरून गेला.

"सहाचाच दे. मोठ्यात कमी दिसतं ना?"
"दिसतं कमी."
पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं, ते त्यालाही ठाऊक होतं,
म्हणून त्यानं पाकीट काढलं.
पावतीवरची सही डोंगररांगेसारखी उमटली.
मंगळवारी या म्हटलं.
खिडकीतून दिसत होतं, ट्रकच्या दारात
किल्ली पहिल्यांदा गेली नाही, दुसऱ्यांदाही नाही.
मी ब्रशांच्या पाकिटांवरची धूळ पुसत राहिले.

सोमवारी पट्टी बसवली, स्क्रूंना निळा गोंद लावला,
रात्रभर सुकू दिला.
सकाळी मागच्या रेंजवर वाळूच्या पिशवीवर टेकवून
पाच गोळ्या झाडल्या.
पिशवीवर ठिपका असा निवांत,
छापल्यासारखा.
पुठ्ठ्यावर पाचही भोकं एकमेकांना चिकटून.

तो पुठ्ठा आम्ही गिऱ्हाइकाला देतो,
यंत्रात दोष नाही ह्याचा पुरावा म्हणून.

दहा वाजत आले. ट्रक दिसला वळणावर.
डबा उघडा आहे, पुठ्ठा माझ्या हातात.