शून्य मिलिमीटर

सकाळी नऊला एनिड ट्रेलोर दाराशी येते.
दाराला आकड्यांचं कुलूप. आकडे
दारावरच चिकटवलेत, उलट्या क्रमानं:
ज्याला उलटं वाचता येतं, तो बाहेर.

ती कडी शोधते. काचेवर तळवा टेकवते.
"उशीर होतोय," म्हणते. "नऊ म्हणजे नऊ."
नऊला आमची औषधांची गाडी निघते.
मी रजिस्टरात लिहिते: पळून जाण्याची प्रवृत्ती.
तीन दिवस तेच लिहिलं
की चौथ्या दिवशी गोळी येते.

अर्धीच होती, पांढरी.
जर्दाळूच्या जॅममध्ये मीच दडवली, मीच भरवली.
तिला जर्दाळू आवडतो.
दुपारी ती खुर्चीत कलंडलेली,
हनुवटीवर लाळ, आणि विभागात
काय शांतता! पाहुणे म्हणाले,
किती छान सांभाळता तुम्ही सगळ्यांना.

संमतीचा फॉर्म भाच्यानं भरला होता,
गार्थनं, अ‍ॅडलेडहून, ई-मेलनं.
वाईट नाही तो. दर रविवारी फोन करतो,
ती त्याला त्याच्या बापाच्या नावानं हाक मारते
आणि तो दुरुस्त करत नाही.
फॉर्मवर एक रकाना होता,
'रहिवाशाचं म्हणणं'.
कोरा.

वह्या सापडल्या मोज्यांच्या खोक्यात.
एकावन्न वर्षांच्या.
सातूच्या शेतामागे, कुंपणाच्या खांबाला लावलेलं पर्जन्यमापक,
रोज सकाळी नऊला बघायचं, वेधशाळेला कळवायचं.
पगार नाही.
नवरा गेला त्या आठवड्याचे सात आकडे,
सातही तिच्याच अक्षरात.
दुष्काळाच्या सालात पानंच्या पानं
शून्य, शून्य, शून्य,
प्रत्येक वेगळं काढलेलं,
कुठेही 'वरीलप्रमाणे' नाही.

मग मी माझंच रजिस्टर उघडलं.
पळून जाण्याची प्रवृत्ती.
वरीलप्रमाणे.
वरीलप्रमाणे.

बैठकीत म्हटलं, तिला विचारू या.
ब्रॉन्विन म्हणाली, विचारून काय,
दुपारी तिला आठवणार आहे का?
दुपारी विसरते, म्हटलं मी, पण सकाळी सांगते ना.
आणि पडली तर? खुबा मोडला तर?
याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजूनही नाही.
गोळी बंद व्हायला अकरा दिवस लागले,
डॉक्टर रजेवर होते.

आता नऊला गाडी दहा मिनिटं थांबते.
मागच्या अंगणात, कपड्यांच्या दोरीपाशी
हार्डवेअरच्या दुकानातला प्लॅस्टिकचा नळा.
ती वाकते, डोळा रेघेच्या पातळीला आणते.
तेवढं गुडघ्यांच्या लक्षात आहे.
कधी मी तिची बहीण असते,
कधी वेधशाळेचा तपासनीस, तेव्हा ती
कार्डिगनची बटणं वरपर्यंत लावते.

काल नळा कोरडा ठणठणीत.
"काही नाही एनिड, चल आत," म्हटलं.
तिनं पेन्सिल मागितली.
माझ्याकडे असं बघितलं, जसं
नव्या पोराकडे बघावं, पहिल्या दिवशी:
"काही नाही, असं लिहीत नाहीत.
पडला नाही तर शून्य.
रकाना कोरा ठेवला तर त्याचा अर्थ,
कुणी बघायलाच आलं नव्हतं."

शून्य जरा थरथरलं, पण तोंड मिटलेलं.
मग समुद्राकडून वारा आला आणि ती
तिथंच उभी राहिली, मी हाक मारेपर्यंत,
मी मारली नाही तोपर्यंत.

दुपारी फॉर्म पुन्हा काढला.
त्या रकान्यात तिचेच शब्द: नऊ म्हणजे नऊ.
खाली सही, माहेरच्या नावानं.
हे चालेल का, ब्रॉन्विननं विचारलं,
चष्मा कपाळावर सारत, खरंच विचारलं.
म्हटलं, तिलाच विचार.
उद्या. नऊला.