सुकती

मनोरीच्या खाडीत, तिवरांच्या आड
नकाशात नाव नसलेलं एक बेटुक.
इनास पुढच्या कयाकमधून ओरडतो :
वल्हं खाली घासू नका, कालवं कापतात.

दीडच भिंत उरली आहे.
चुन्यात शिंपले, शिंपल्यांत चुना,
कोण कुणाला धरून आहे कळत नाही.
कोनाड्यात दिवा असायचा म्हणे;
आता एक खेकडा बसतो,
जगाकडे पाठ करून.

'पाद्री होते इथे. सहा, नाहीतर सात.
मग माझी मावशी यायची, या भिंतीवर बोंबील वाळवायला.'
मधली तीनशे वर्षं तो गाळतो.

मी गुडघे टेकून दगडावरची अक्षरं चाचपते.
लॅटिन असावं.
किंवा नुसत्या भेगा.

तेवढ्यात पाणी गेलं.
दोन्ही पिवळ्या कयाक चिखलात कलंडल्या,
निवट्या त्यांच्यावर चढून
आत कुणी आहे का बघू लागल्या.

'आता रात्री आठ,' इनास म्हणाला,
आणि टोपी तोंडावर घेऊन झोपला.

फोन सतरा टक्के. मग नऊ.
पाचची मीटिंग माझ्यावाचून झाली असेल.
पलीकडे मार्वेचे दिवे लागले,
त्यांच्या वर, अर्ध्या टॉवरवर,
क्रेनचा लाल ठिपका.
पाठीमागचा दगड अजून दुपारइतका गरम.
चिखलात कुठेतरी टक्, टक्,
कुणीतरी बारीक मोजत असल्यासारखं.

सहा, नाहीतर सात.

भरती आली तेव्हा आधी वास आला,
मग कयाक हलली.
इनास उठून तयारसुद्धा झाला.
मला जरा वेळ लागला.