खटका

कंपनीचं उत्तर दोन ओळींचं :
ती बॅटरी आम्ही बनवणं बंद केलं.
नवी घ्या, तिप्पट उजेड आहे.
मला तिप्पट नको होता.

एकोणीस हिवाळे ती माझ्या पट्ट्याला,
काळी, अंगठ्याएवढी जाड, बुडाला रबरी खटका.
अर्धा दाबला तर क्षणभर,
पूर्ण दाबला तर हाक ऐकू येईपर्यंत.

मार्चमध्ये सुपीरियर सरोवराच्या बर्फावर
ऑर्विल हाक्कालाची कॉलर धरायला
मी हात मोकळा केला
आणि ती भेगेतून गेली, पेटलेलीच.
हाक्काला वर आला, शिव्या देत.
खाली हिरवट उजेड
बराच वेळ उतरत होता.

मग डुलुथमधली गहाणवटीची दुकानं,
टू हार्बर्सचा गळ-आमिषवाला,
एका मेलेल्या शिकाऱ्याच्या सामानाचा लिलाव.
बायको म्हणाली, माणूस हरवला तरी
तुम्ही लोक तीन दिवसांनी शोध थांबवता.

ॲशलंडला, बोटींच्या सुट्या भागांच्या दुकानात
लुवेर्न नावाच्या बाईनं सगळ्यात खालचा खण ओढला.
'हिचं नाव काढणारे तुम्ही पहिलेच.'
खोकं न फोडलेलं. किंमत पेन्सिलीनं, जुनीच.

दाबली.
तोच पिवळट गोल, मधे तोच डाग.
तरी काहीतरी परकं.
दोन्ही हातांनी गाठ मारताना धरायचो
तशी दातांत धरली :
गुळगुळीत.
जुनीवर माझ्या दाढांची खाच होती.

लुवेर्न बघत होती.
मी जोरात चावलो.
'आता घ्यावीच लागेल,' ती म्हणाली.